घरातील गणित, घरातील इंग्रजी : महाड-पोलादपूर परिसराच्या निमित्ताने प्रस्तावना

पहिली ते चौथीच्या वयातील मुलांकडून घरी गणिताचा आणि इंग्रजीचा सराव करून घेणे हा विषय वरकरणी साधा वाटतो. त्याविषयी प्रत्येक पालकाचे काही ना काही मत असते आणि बाजारात सरावपुस्तिकांनाही तोटा नाही. मात्र या पुस्तिका एक ठरावीक घर गृहीत धरून लिहिलेल्या असतात. त्या घरात आई-वडील दोघेही संध्याकाळी हजर असतात, दोघांनाही इंग्रजी वाचता येते, मुलाला बसायला स्वतंत्र जागा असते आणि अडले तर विचारायला कोणीतरी असतेच. रायगड जिल्ह्याच्या आतल्या अंगाला, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांतील पुष्कळ घरे अशी नाहीत. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री नदी पोलादपूरवरून महाडकडे येते आणि पुढे बाणकोटच्या खाडीने समुद्राला मिळते. तिच्या आणि तिला मिळणाऱ्या लहान नद्यांच्या खोऱ्यांत, डोंगरउतारांवरच्या वाड्यांतून इथली वस्ती विखुरलेली आहे. घरातला कर्ता पुरुष मुंबईला नोकरीत, आई शेतात किंवा मजुरीवर आणि मूल आजीपाशी, ही इथली जुनी रीत आहे. महाडच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्यांच्या घरी वडील असतात, पण पाळी बदलली की त्यांची संध्याकाळही बदलते. अशा घरात सराव म्हणजे काय, तो कोणी घ्यायचा, कोणत्या भाषेत घ्यायचा आणि कुठे थांबायचे, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

गणित आणि इंग्रजी यांचा उच्चार पालकांच्या तोंडी नेहमी जोडीने होतो, शिकवणीच्या पाट्यांवरही हीच जोडी असते, आणि जोडीने बोलले गेल्यामुळे दोन्हींचा सरावही एकाच पद्धतीने, म्हणजे पाठांतराने आणि उजळणीच्या वहीने, घेतला जातो. येथे मांडायचे मुख्य म्हणणे असे की या परिसरातील घराच्या दृष्टीने हे दोन विषय परस्परांच्या उलट बाजूंना आहेत. गणिताचा अर्थ घरात भरपूर आहे, त्याची लिखित चिन्हे मात्र घराला परकी आहेत. इंग्रजीची अक्षरे आणि सुटे शब्द घरात जागोजागी आहेत, पण त्या भाषेतले अर्थपूर्ण वाक्य घरात कोणी बोलत नाही. म्हणून गणितात घराने व्यवहाराकडून कागदाकडे जायचे आहे, तर इंग्रजीत छापील अक्षराकडून ऐकण्या-समजण्याकडे. ही दिशा ध्यानात आली की पालक स्वतः कितवी शिकला आहे या प्रश्नाची धार पुष्कळ कमी होते.

महाडच्या संदर्भात शिक्षणाची, आणि त्यातही इंग्रजी शिक्षणाची, चर्चा इतिहास टाळून करता येत नाही. रायगडाजवळच्या नाते या गावी १८९६ साली जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत पहिले आले, केंब्रिजला गेले आणि पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्याच तालुक्यात, त्यांच्यानंतर थोड्याच वर्षांनी वाढलेल्या रामचंद्र बाबाजी मोरे यांना मात्र अंगी हुशारी असूनही, केवळ अस्पृश्य म्हणून, महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेश मिळवण्यासाठी झगडावे लागले. हेच मोरे १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला भरलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेच्या संयोजकांपैकी एक होते, आणि त्या परिषदेतूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचा सत्याग्रह घडला. सार्वजनिक तळ्याचे पाणी आणि इंग्रजीचा वर्ग, या दोन्ही गोष्टी कोणाला मिळाव्यात हा प्रश्न या गावाने एकाच काळात अनुभवला आहे. आज एखाद्या वाडीवरची आई आपल्या मुलाला इंग्रजी आलेच पाहिजे असा हट्ट धरते, तेव्हा त्या हट्टाला शहरी वेड म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल. त्यामागे दोन-तीन पिढ्यांची ओढ असते. शिक्षणशास्त्राने त्या ओढीचा मान राखूनच तिला योग्य वळण द्यायला हवे.

सध्याची व्यवस्था थोडक्यात अशी आहे. महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांतून पहिलीपासून इंग्रजी शिकवण्यास जून २००० मध्ये, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, सुरुवात झाली. त्यापूर्वी इंग्रजीची ओळख पाचवीत होत असे. म्हणजे आज ज्या मुलांचे आजी-आजोबा त्यांचा अभ्यास घेतात, त्या आजी-आजोबांपैकी जे शाळेत गेले त्यांनीही नातवाच्या वयात इंग्रजी अक्षर गिरवलेले नाही. त्यानंतर 'सेमी इंग्रजी' ही पद्धत पसरली. सेमी इंग्रजी म्हणजे बाकीचे विषय मराठीतून आणि गणित (वरच्या वर्गांत विज्ञानही) इंग्रजीतून शिकवणे. अनेक जिल्हा परिषद शाळांनी पटसंख्या टिकवण्यासाठीही तिचा आधार घेतला. ५ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने 'निपुण भारत' हे अभियान जाहीर केले. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि मूलभूत आकडेमोड करता यावी हे त्याचे उद्दिष्ट आहे. यातील आकडेमोडीच्या भागाला 'पायाभूत संख्याज्ञान' म्हणतात, आणि त्यात संख्या मोजणे, तिची स्थानिक किंमत ओळखणे, साध्या बेरजा-वजाबाक्या करणे आणि त्या व्यवहारात वापरणे एवढ्या गोष्टी येतात. हे उद्दिष्ट मोठे नाही, पण ते अजून दूर आहे. 'असर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रामीण घरोघर पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतील साधारण एक तृतीयांश मुलांनाच हातच्याची दोन अंकी वजाबाकी जमते.

या वजाबाकीपर्यंत पोचण्याआधी मराठी मुलासमोर एक अडचण उभी असते, जिची पुरेशी दखल घरी घेतली जात नाही. मराठीत एकवीस ते नव्व्याण्णव या संख्यांच्या नावांत एकक आधी आणि दशक नंतर येतो: सत्तावीस म्हणताना सात आधी ऐकू येतात, लिहिताना मात्र दोन आधी लिहावे लागतात. त्यातही एकोणतीस, एकोणचाळीस ही नावे पुढच्या दशकातून एक वजा करून बनलेली आहेत. 'एकोणपन्नास' ऐकून ५९ लिहिणारे मूल धांदरट नसते. त्याला पन्नास ऐकू आलेले असते आणि नऊ आठवलेले असतात, म्हणून ते आपल्या परीने तर्कशुद्धच वागत असते. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात पारंपरिक वाचनाच्या जोडीला 'वीस सात', 'चाळीस नऊ' असे सुटसुटीत वाचन दिले गेले, तेव्हा जून २०१९ मध्ये विधिमंडळापासून चहाच्या टपरीपर्यंत वाद झाला. गणित विषयाच्या समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी त्या वेळी या बदलामागचे कारण, म्हणजे लहान मुलांना जोडाक्षरी आणि उलट्या क्रमाच्या संख्यानामांचा होणारा जाच, शांतपणे समजावून सांगितले होते, आणि शैक्षणिकदृष्ट्या त्यांची बाजू भक्कम होती. पण घराच्या दृष्टीने त्यातून एक वेगळा निष्कर्ष निघतो. आजी, दुकानदार आणि एसटीचा वाहक 'एकोणपन्नास'च म्हणणार आहेत, आणि सेमी इंग्रजीच्या वर्गात 'फॉर्टी-नाइन' म्हटले जाणार आहे. तेव्हा घरी तिन्ही नावे एकाच गठ्ठ्यावर बोट ठेवून म्हणावीत. चिंचोक्यांचे दहा-दहाचे चार ढीग आणि नऊ सुटे समोर मांडून 'चाळीस आणि नऊ, म्हणजे एकोणपन्नास' असे म्हटले, आणि नंतर एक चिंचोका वाढवून पाचवा ढीग पुरा करून दाखवला, तर 'एकोण' या शब्दाचा अर्थ मुलाच्या हाती लागतो. त्यानंतर ते सहसा चुकत नाही.

याच्याच जवळची एक बारीक अडचण अंकांच्या आकाराची आहे. मराठी पुस्तकातला एक आणि मोबाईलवरचा इंग्रजी नऊ हे अंक लहान मुलाच्या नजरेला जवळजवळ सारखे दिसतात, आणि एकाच दिवसात ते मूल दोन्ही लिपींतले अंक पाहत असते. पहिलीत असलेल्या मुलाने बेरजेत अकल्पित उत्तर काढले, तर त्याला रागावण्यापूर्वी त्याने अंक कोणत्या लिपीतला समजून वाचला हे एकदा विचारावे.

घरात गणिताचा अर्थ भरपूर आहे असे वर म्हटले, ते अधिक नेमके सांगायला हवे. महाड-पोलादपूरच्या घरात बचतगटाचा हप्ता असतो, शेकड्यावरचे व्याज असते, पायलीने मोजलेले तांदूळ असतात. चार शेरांची पायली आणि वीस मणांची खंडी ही मापे कायद्याने कधीच मागे पडली, तरी जुन्या माणसांच्या बोलण्यात ती आहेत. लावणीच्या दिवसांत आवणाच्या किती मुठी लागतील याचा अंदाज शेताच्या बांधावर उभे राहून केला जातो. दारातल्या ठिपक्यांच्या रांगोळीत गुणाकार उघडा मांडलेला असतो, कारण सात ओळींत सात ठिपके मांडणारी मुलगी साती साते एकोणपन्नास हे हाताने करत असते. जुन्या पिढीला शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे अनुक्रमे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन यांचे पाढे पाठ करावे लागत. त्यांतले काही आजोबांच्या तोंडी अजून असतील तर ते मुलाने ऐकावेत, पाठ करण्याची सक्ती मात्र नसावी. अपूर्णांक रोजच्या बोलण्यात इतक्या सहज वापरणारी मराठीसारखी भाषा असताना चौथीतल्या मुलाला 'अर्ध्याचा अर्धा' कळू नये, ही खरे तर घर आणि शाळा यांच्यातील तुटलेपणाची खूण आहे.

अपूर्णांकांसाठी एसटीच्या तिकिटाइतके चांगले साधन या भागात दुसरे नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट असते. १७ मार्च २०२३ पासून महिलांनाही प्रवासभाड्यात निम्मी सवलत मिळाली आहे. पंचाहत्तर वर्षांवरील ज्येष्ठांचा प्रवास मोफत आहे. समजा, एका प्रवासाचे पूर्ण भाडे ४० रुपये धरले आणि आई, वडील, दुसरीतली मुलगी आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आजोबा असे चौघे निघाले, तर एकूण किती पैसे द्यावे लागतील हा प्रश्न गाडीत बसण्याआधी मुलीला विचारता येतो. चाळीस, वीस, वीस आणि शून्य यांची बेरीज ती तोंडी करू शकते. पण सरावाचा खरा लाभ त्याच्या पुढच्या पायरीत आहे: तिने घरी आल्यावर तीच बेरीज वहीत मांडावी आणि वडिलांच्या तिकिटापुढे पूर्ण, आपल्या आणि आईच्या तिकिटापुढे अर्धे, आजोबांच्या तिकिटापुढे शून्य असे लिहावे.

ही पुढची पायरी आपोआप होत नाही, आणि या विवेचनातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर फळे आणि नारळ विकणाऱ्या मुलांचा तेरेझिन्या नुनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास शिक्षणक्षेत्रात प्रसिद्ध आहे. गिऱ्हाइकाशी व्यवहार करताना बिनचूक हिशेब करणारी ती मुले तशाच बेरजा-गुणाकार कागदावर दिल्यावर अडखळत. अलीकडे, २०२५ मध्ये, अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांविषयी 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या संशोधनातही असेच आढळले, आणि उलट बाजूही दिसली: केवळ शाळेत जाणारी मुले पुस्तकी गणित सोडवत, पण बाजारातल्या साध्या हिशेबात गडबडत. याचा अर्थ असा की मुलाला दुकानात पाठवले की त्याचे गणित सुधारते, ही समजूत अर्धीच खरी आहे. हिशेब तोंडी करणे आणि तोच कागदावर उतरवणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत आणि त्यांची गाठ कोणीतरी मुद्दाम घालून द्यावी लागते.

ती कशी घालायची याचे एक उदाहरण येथे सविस्तर पाहणे योग्य ठरेल. बेचाळीसमधून सतरा वजा करायचे आहेत. चार दहाच्या नोटा आणि एक-एक रुपयाची दोन नाणी मुलासमोर ठेवावीत आणि त्यातून सतरा रुपये मागावेत. नाणी दोनच असल्याने सात सुटे देता येत नाहीत, मूल थांबते. हे थांबणे महत्त्वाचे आहे, आणि त्या क्षणी उत्तर सांगून टाकण्याचा मोह मोठ्यांनी आवरावा. बहुतेक मुले स्वतःहूनच 'सुटे पाहिजेत' म्हणतात, कारण दुकानात त्यांनी हे पाहिलेले असते. मग एक नोट मोडून दहा नाणी द्यावीत. आता तीन नोटा आणि बारा नाणी झाली. त्यातून सात नाणी आणि एक नोट काढली की दोन नोटा आणि पाच नाणी उरतात. यानंतर लगेच वही उघडावी आणि केलेली प्रत्येक कृती जिथल्या तिथे लिहावी: चारवर काट मारून तीन, दोनच्या जागी बारा, खाली पाच आणि दोन. ज्याला शाळेत 'हातचा' म्हणतात तो म्हणजे मोडलेली नोट, हे मुलाला एकदा दिसले की चारवर काट का मारायची हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. आठवड्यातून दोन-तीन वेळा, नोटा आणि वही शेजारी-शेजारी ठेवून, हा सराव झाला तर पुरे. पानेच्या पाने वजाबाक्या घालण्यापेक्षा तो अधिक फळतो.

येथे आजीच्या रीतीचाही उल्लेख करायला हवा. शाळा न शिकलेली बाई हाच हिशेब वेगळ्या वाटेने करते: सतरा आणि तीन वीस, वीस आणि वीस चाळीस, वर दोन, म्हणजे तीन, वीस आणि दोन, झाले पंचवीस. ही चढत जाणारी वजाबाकी पूर्णपणे शुद्ध आहे, आणि सुटे पैसे परत देताना दुकानदार तीच वापरतो. शाळेतून आलेल्या मुलाने 'आजी, तुझे चुकीचे आहे' म्हटले तर त्याला दोन्ही रीतींनी उत्तर काढून ताडून पाहायला सांगावे. उत्तर तपासण्याची सवय लावण्यासाठी याहून चांगला प्रसंग नाही, आणि ज्या घरात आजीच अभ्यासाला बसवते त्या घरात तिच्या ज्ञानाची प्रतिष्ठा राहणे ही सरावाची पहिली गरज आहे.

इंग्रजीकडे वळताच परिस्थिती उलटी होते. घरात कप, बस, पेन, कुकर, प्लेट, मोबाईल, सिलिंडर, शिफ्ट असे इंग्रजी शब्द शेकड्यांनी आहेत. बिस्किटाच्या पुड्यावर, औषधाच्या पाकिटावर, महामार्गावरच्या फलकांवर इंग्रजी अक्षरे आहेत. कारखान्यात जाणारे वडील धोक्याच्या सूचना इंग्रजीतून ओळखतात. परंतु मूल इंग्रजीतले एक पूर्ण वाक्य, ज्याला प्रसंग आहे आणि ज्याचे उत्तर कोणी देणार आहे, असे क्वचितच ऐकते. 'सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर' या तालावर पिढ्यान् पिढ्या झालेला सराव अक्षरे आणि सुटे शब्द देतो, वाक्य देत नाही. वहीभर स्पेलिंगे बरोबर लिहिणारे चौथीतले मूल 'तुझे नाव काय' याच्या पुढच्या प्रश्नाला इंग्रजीत गप्प होते, याचे कारण त्याची बुद्धी नसून त्याला मिळालेल्या सरावाचे स्वरूप आहे.

वाचनाच्या पहिल्या पायरीवर देवनागरीची सवय मदतही करते आणि अडथळाही आणते. देवनागरीत 'ब' या अक्षरात 'अ' हा स्वर आधीच मिसळलेला असतो, त्यामुळे इंग्रजीत 'बस' लिहिताना मूल बी आणि एस एवढी दोनच अक्षरे लिहून थांबते. मधला स्वर वेगळा लिहावा लागतो ही कल्पनाच त्याला नवी असते. शिवाय इंग्रजी अक्षराचे नाव आणि त्याचा उच्चार यांत अंतर असते: 'एच' या नावात ह नाही, 'डब्ल्यू' या नावात व नाही, 'वाय' या नावाची सुरुवात य ने होत नाही. अक्षराचे नाव बाजूला ठेवून त्याचा ध्वनी आधी शिकवण्याच्या पद्धतीला 'फोनिक्स' म्हणतात, आणि हल्ली तिचे वर्ग महाडसारख्या गावांतही भरवले जातात. पण त्यासाठी वर्ग लावण्याची गरज प्रत्येक घराला नाही. मुलाला माहीत असलेले कप, बस, नेट, पंप असे शब्द घ्यावेत, ते सावकाश ताणून म्हणावेत, त्यांत किती आवाज ऐकू येतात ते बोटांवर मोजावे आणि प्रत्येक आवाजासाठी एक अक्षर शोधावे. ज्या आईला इंग्रजी वाचता येत नाही तीही आवाज मोजून घेऊ शकते, कारण शब्द तिच्या ओळखीचा आहे. इंग्रजी शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहून ठेवण्याच्या सवयीबद्दल शिक्षकांमध्ये मतभेद आहेत. प्रस्तुत विवेचनात असे मानले आहे की नवा शब्द प्रथम भेटताना ती मदत घ्यायला हरकत नाही, परंतु त्या शब्दाची ओळख पक्की झाल्यावर देवनागरीची ओळ झाकून वाचावे, नाहीतर मूल इंग्रजी कधी पाहतच नाही.

वाक्याची उणीव भरून काढण्यासाठी घराला बाहेरचा आवाज लागतो, आणि आज तो बहुतेक घरांत मोबाईलच्या रूपाने आला आहे. 'प्रथम बुक्स' या संस्थेच्या 'स्टोरीवीव्हर' या संग्रहात मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांतील चित्रगोष्टी विनामूल्य वाचता येतात. एकच गोष्ट आधी मराठीत वाचावी, मग इंग्रजीत पाहावी किंवा ऐकावी, आणि शेवटी मुलाने ती आजीला मराठीत सांगावी, हा क्रम या परिसरातील घराला सर्वांत सोयीचा आहे. शेवटची पायरी अनेकांना अनावश्यक वाटते, कारण इंग्रजीच्या वेळात मराठी बोलणे म्हणजे वेळ वाया घालवणे असा समज आहे. वस्तुस्थिती उलट आहे: मुलाला गोष्ट कळली की नाही हे इंग्रजी न येणाऱ्या आजीला तपासता येते ते या एकाच मार्गाने. मूळ भाषेतील वाचनाची आणि समजुतीची ताकद दुसऱ्या भाषेत उतरते, हा जिम कमिन्स यांनी मांडलेला आणि भाषाशिक्षणात व्यापकपणे स्वीकारलेला विचारही हेच सांगतो. वडील मुंबईहून रात्री फोन करतात तेव्हा 'अभ्यास झाला का' असे विचारण्याऐवजी 'आज कोणती गोष्ट ऐकलीस, त्यात काय झाले' असे विचारतील तर तो फोनही सरावाचा भाग होईल.

सेमी इंग्रजीच्या मुलांच्या घरी हे दोन विषय एकमेकांत गुंततात. आईला बेरीज, वजाबाकी, हातचा, भागाकार हे सर्व येत असते, पण मुलाच्या पुस्तकात 'ॲडिशन', 'कॅरी', 'बॉरो', 'डिव्हिजन' पाहिल्यावर ती 'मला हे जमणार नाही' म्हणून वही मिटते. तिचे गणित कमी पडलेले नसते, फक्त नावे बदललेली असतात. अशा वेळी वहीच्या शेवटच्या पानावर वीस-पंचवीस शब्दांची जोडी मुलाकडूनच लिहून घ्यावी आणि उदाहरण खुशाल मराठीत समजावून द्यावे. शाळेने इंग्रजीतून शिकवले म्हणून घरानेही इंग्रजीतूनच समजावले पाहिजे, असा नियम कोणत्याही शिक्षणतज्ज्ञाने सांगितलेला नाही.

घराकडे शिकण्याची जागा म्हणून पाहण्याची वेळ या भागावर अलीकडे सक्तीने आली होती. मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या, ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यावर आले, आणि पुढच्या वर्षी २२ जुलै २०२१ रोजी महापूर आणि दरडींनी महाड आणि पोलादपूर दोन्ही तालुके हादरले. तळिये गावावर कोसळलेल्या दरडीची जखम अजून भरलेली नाही. जून २०२० मध्ये पहिलीत गेलेल्या मुलांची शाळेची पहिली दोन वर्षे अशी गेली. या काळात दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही अभ्यासमालिका सुरू झाली, आणि तिचा भर घरातल्या वस्तूंनी करायच्या कृतींवर होता. २०२२ मध्ये 'पहिले पाऊल' या शाळापूर्व तयारी अभियानात गावोगाव मातांचे गट बांधून त्यांना मुलांकडून घरी करून घ्यायच्या कृती सुचवण्यात आल्या. या उपक्रमाचे मोल कृतींपेक्षा गटात अधिक आहे. एकटी आई चार दिवसांत कंटाळते. शेजारच्या तिघी-चौघी एका ओट्यावर बसल्या तर एकीला वाचता येते, दुसरीला हिशेब पक्का येतो, आणि सहा-सात मुलांचा सराव एकदम होतो. डोंगरावरच्या वाडीत, जिथे शाळेत एक-दोन शिक्षक चार इयत्ता एकत्र सांभाळतात, तिथे असा ओटा शाळेला फार मोठा आधार देतो.

सरावाच्या वेळेविषयी फार बोलण्याचे कारण नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला एका बैठकीत वीस मिनिटे पुरतात. जेवणाआधीची वेळ ठरवून ती पाळणे, आणि मूल दमलेले असेल तर त्या दिवशी सोडून देणे, एवढे केले तरी चालते. चूक झाल्यावर मारणे किंवा भावंडाशी तुलना करणे यांमुळे मूल उत्तर लपवायला शिकते, आणि लपवलेली चूक दुरुस्त करता येत नाही. मोठ्यांनी 'हे उत्तर कसे काढलेस' असे विचारावे आणि ऐकून घ्यावे. वर सांगितलेल्या एकोणपन्नासच्या किंवा दोन लिपींतल्या अंकांच्या गोंधळासारखे बहुतेक घोळ त्या एका प्रश्नातून उघड होतात.

घरच्या सरावाला एक मर्यादा आहे आणि ती येथे स्पष्टपणे नोंदवणे आवश्यक आहे. रायगड जिल्ह्यातील कातकरी समाजाची अनेक कुटुंबे पावसाळा संपल्यावर वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामावर स्थलांतर करतात आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्या घरात कातकरी बोली बोलली जाते, म्हणून शाळेतली मराठीही मुलाला शिकावीच लागते आणि इंग्रजी त्याच्यासाठी तिसरी भाषा ठरते. विटांची मजुरी हजाराच्या हिशेबाने मिळते, तेव्हा मोठ्या संख्या या मुलांच्या कानावर इतरांपेक्षा आधी पडतात. पण दिवसभर भट्टीवर राबलेल्या आई-वडिलांनी रात्री पालाबाहेर वही उघडून ती संख्या लिहून दाखवावी, ही अपेक्षा कोणी करू नये. स्थलांतरित मुलांसाठी असलेले शिक्षण हमी पत्रक, ज्याच्या आधारे मूल जाईल तिथल्या शाळेत बसू शकते, ते अशा प्रत्येक मुलाच्या हाती पडणे आणि भट्टीजवळच्या शाळेने त्याला खरोखर वर्गात घेणे हे शासनाचे आणि शाळांचे काम आहे. ज्या घराला घर म्हणून सहा महिनेही एका जागी राहता येत नाही, त्याच्यावर सरावाची जबाबदारी टाकून मोकळे होता येणार नाही. पुढील प्रकरणांत सुचवलेल्या कृती वाचताना ही मर्यादा शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी सतत डोळ्यांसमोर ठेवावी, आणि वाडीवरचे एखादे मूल दिवाळीनंतर वर्गात दिसेनासे झाले तर त्याच्या घराने काय केले नाही हे शोधण्याआधी ते आता कोणत्या गावच्या भट्टीवर आहे याची चौकशी करावी.